दुपारचा पहारा

सकाळी खोबरेल तेलाची बाटली तळहातावर उलटी धरली आणि तेल खाली आले नाही. मुंबईत थंडी पडल्याचा याहून खात्रीचा पुरावा मला माहीत नाही. पारा किती उतरला ते वर्तमानपत्र सांगते, पण त्याच्या शब्दावर मी आजवर कधी स्वेटर बाहेर काढलेला नाही. बाटलीचे मात्र ऐकतो. तेल थिजले की मार्गशीर्ष आला असे समजायचे. मग भाजीवालीकडे ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसू लागतात, ओठ फुटतात, शेजारच्या घरी गुरुवारची पूजा मांडली जाते आणि लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतला सप्ताह माझ्या कानात पुन्हा सुरू होतो. डोळ्यांसमोर तो येतो नंतर. आधी ऐकू येते ती वीणा: एकच सूर, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्याच्याही पलीकडे.

परवा त्या बाजूला गेलो होतो. चाळ आहे, पण चौकात आता मोटारी उभ्या राहतात. चौकातले विठोबाचे देऊळही आहे. त्याला बाहेरून गुळगुळीत फरशी लावली आहे, त्यामुळे ते थोडेसे बँकेसारखे दिसते. दारावर सप्ताहाचा मोठा फलक लागला होता. त्यावर अकरा चेहरे, अकराही जणांचे हात जोडलेले, आणि खाली ठळक अक्षरात 'सेवेकरी'. हात जोडलेल्या माणसाला दुसरे कुठलेच काम करता येत नाही, ही गोष्ट फलक करणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसली नाही. मी अकरा चेहरे नीट पाहिले. एकही बाई नव्हती. मग मनाशी म्हटले, बरेच आहे. त्या काळी देऊळ झाडणाऱ्या ठकूबाईला तिथे उभे राहायला सांगितले असते तर तिने हात जोडले नसते. एका हातात केरसुणी असती आणि दुसऱ्या हाताने पदर सावरला असता.

सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री देवासमोर कोणीतरी गळ्यात वीणा घालून उभे असते आणि मुखाने नाम चालू असते. दोन दोन तासांची पाळी असते, तिला पहारा म्हणतात. गिरण्यांच्या त्या मुलखात पाळी हा शब्द आधीच इतका राबवलेला होता की देवाच्या कामाला वेगळा शब्द बरा. नियम दोनच. वीणा जमिनीला टेकता कामा नये आणि नाम थांबता कामा नये. यातले एक जरी झाले तरी सप्ताह मोडला. तोही एकट्या चुकणाऱ्याचा मोडत नाही, अख्ख्या चाळीचा मोडतो.

वीणा गळ्यातून गळ्यात जाण्याची एक रीत होती. घेणारा आधी देणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवायचा. मग वीणा घ्यायची, आणि ती गळ्यात पडली की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवायचे. वय, हुद्दा, कोण कुठला, काही पाहायचे नाही. मी देवळात जात नसे, पण दार सताड उघडे असे आणि वरच्या गॅलरीतून ही अदलाबदल मी आवडीने पाहत असे. गिरणीत ज्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, समोर बदली कामगार मान वर करत नसे, तो जॉबर देवळात त्याच कामगाराच्या पाया पडायचा. दुसऱ्या दिवशी खात्यात पुन्हा शिव्या सुरू. तरी ते अर्धे मिनिट खोटे नव्हते, एवढे मला तेव्हाही कबूल होते.

मी तेव्हा चोविशीत होतो. एका शाळेत व्याकरण शिकवत होतो आणि देव नाही हे सिद्ध करणारी पुस्तके वाचून संपवत होतो. माझे अक्षर चांगले म्हणून पहाऱ्यांची यादी फळ्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. ते मी अलिप्तपणे करत असे, म्हणजे प्रसादाला पहिला आणि आरतीला गैरहजर. यादीत सर्वांत मागणी संध्याकाळी सहा ते आठच्या पहाऱ्याला. त्या वेळी चौक भरलेला असे, मृदंग असे, बायका गॅलऱ्यांतून पाहत. तो पहारा कायम दादासाहेबांचा. दादासाहेब कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते आणि मंडळाचे अध्यक्ष. सप्ताहाचे सात दिवस ते डोक्याला गुलाबी फेटा बांधत आणि चालताना तो आधी आणि ते मागून येत. सर्वांत कमी मागणी दुपारी दोन ते चारला. ऐकायला कोणी नाही, टाळाला कोणी नाही, डोळ्यांवर झोप. तो पहारा जानूतात्यांचा. तात्या मालवणकडचे, गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, रातपाळीला. सकाळी सुटायचे, दोन घास खाऊन चार तास झोपायचे आणि दोनच्या ठोक्याला पाय धुऊन उभे राहायचे. कोणी त्यांचे कौतुक केले तर म्हणायचे, "आमका काय, साच्यार उभ्यान काम करूची सवय. हंय तर साचोय नाय."

आणि ठकूबाई. तिचे नाव फळ्यावर कुठेच नसायचे. ती साताऱ्याकडची, नवरा गिरणीत असतानाच वारला, आता चौदा नंबरात भावाकडे राहायची आणि सकाळ-संध्याकाळ दादरला चार घरची भांडी घासायची. मधल्या वेळात देऊळ तिचे. झाडणे, पुसणे, हंडे भरणे, समयीत तेल, वाती, कोणाच्या चपला कुठे, कोणाचे पोर कुठे झोपले. ते तिला कोणी नेमून दिले नव्हते, त्यामुळे त्यातून तिला कोणी काढूही शकत नव्हते. आम्ही सगळे तिला एकेरीत बोलवायचो, "ठकूबाई आली", "ठकूबाई, इकडे बघ". दादासाहेब मात्र आले की अनेकवचनात यायचे. आता लिहिताना तिला 'आल्या, गेल्या' करावे असे मनात आले होते. पण उशिरा दिलेल्या मानपत्राची मला लाज वाटते. 'आली'च असू दे.

तो हिवाळा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला. भिंती डांबराने लिहिलेल्या, शाळा कधी उघड्या कधी बंद, गिरणीचा भोंगा झाला की माणसे खात्यात जाणार की मोर्चात हे कळत नसे. 'झालाच पाहिजे' हे शब्द इतक्या वेळा कानावर पडत की चाळीतली पोरे लाडू मागतानाही तीच घोषणा देत. सप्ताह करावा की नाही यावर मंडळाची बैठक झाली होती. दादासाहेब म्हणाले, "देवाचे देवाला, चळवळीचे चळवळीला." यावर गणपत साचेवाला म्हणाला, "दोन्हीकडे उभं राहायला पाय आमचेच ना? मग जमवतो." गणपत अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ आणि युनियनचा माणूस. त्याने दुपारी चार ते सहाचा पहारा घेतला, मोर्चाहून परत येता येईल या हिशेबाने.

सहाव्या दिवशी मोठा मोर्चा होता. दुपारी चौक असा रिकामा मी कधी पाहिला नव्हता. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे तेवढे होते. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलो होतो. खालून जानूतात्यांचे 'रामकृष्णहरी' येत होते आणि परळच्या बाजूने अधूनमधून फटाक्यासारखे आवाज. नंतर हवेत एक तिखट वास आला, फोडणी करपल्यासारखा. डोळे चुरचुरले. अश्रुधुराची नळकांडी कुठेतरी फुटली होती आणि वारा आमच्याकडे येत होता.

मग धप्प असा आवाज झाला.

मी धावत खाली गेलो. जानूतात्या फरशीवर आडवे पडले होते. कपाळावर टेंगूळ येत होते. रात्रभर साच्यावर, त्यात दोन दिवसांचा ताप अंगावर काढलेला, त्यात तो धूर. त्यांच्या बाजूला ठकूबाई उभी होती. वीणा तिच्या गळ्यात होती. केरसुणी पायाशी पडली होती. आणि तिच्या तोंडून, बारीक, थरथरत्या आवाजात, पण एक अक्षरही न गाळता, 'रामकृष्णहरी' चालू होते.

काय झाले ते जागेवरच कळत होते. तात्या कलंडले तेव्हा ती झाडत होती. दोन हातांत एकच काही धरता येण्यासारखे होते. तिने वीणा धरली. तात्यांना पडू दिले.

मी तात्यांना ओढून घोंगडीवर घेतले, पाणी मारले. त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "वीणा खंय आसा?" मी बोटाने दाखवले. त्यांनी मान वळवून पाहिले, हात कपाळाला लावले आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांना बरे वाटले होते हे उघड होते.

त्या वेळी मी वीणा का घेतली नाही, याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा तयार होते. ज्यावर माझा विश्वास नाही ते गळ्यात घालणे म्हणजे ढोंग. मला ते उत्तर फार आवडले. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि ते मनात घोळवत राहिलो.

चार वाजले. गणपत आला नाही. रस्ते पोलिसांनी अडवले होते, हे आम्हाला नंतर कळले. आले ते दादासाहेब आणि मंडळाचे दोन सभासद. कचेऱ्या लवकर सुटल्या होत्या. दादासाहेब पायऱ्या चढून वर आले, त्यांनी पाहिले आणि ते उंबऱ्यातच थांबले.

"हे काय?"

मी सांगितले.

"म्हणजे वीणा... हिच्याकडे?" एक सभासद म्हणाला.

"बाईमाणसाकडे वीणा कधी दिली आहे आपण?" दुसरा म्हणाला.

"दिली नाहीच," दादासाहेब म्हणाले. हेडक्लार्कला मुद्दा सापडला की त्याचा आवाज बदलतो, तसा त्यांचा बदलला. "तोच तर प्रश्न आहे. देणाऱ्याने नमस्कार केला नाही, घेणारीने केला नाही. मग वीणा दिली गेली असे म्हणता येईल का? आणि दिली गेली नसेल तर मधल्या वेळात पहारा कोणाचा होता? सप्ताह खंडित झाला की नाही?"

"तात्या पडत होते हो!" मी म्हणालो.

"आणि हिने पडू दिले," पहिला सभासद म्हणाला. "माणूस पडतोय आणि ही तंबोऱ्याला धरते!"

"वीणेला," दादासाहेबांनी दुरुस्ती केली.

ठकूबाईला हे सगळे ऐकू येत होते. पण तिला बोलता येत नव्हते. बोलली की नाम थांबले, आणि नाम थांबले की मग कसली चर्चाच उरत नव्हती. तिच्यावर खटला चालला होता आणि तिचे तोंड देवाच्या नावात अडकलेले होते. ती एकेकाच्या तोंडाकडे पाही. 'खंडित' हा शब्द आला की तिचा आवाज किंचित कापे. आम्हा सर्वांच्या दृष्टीने तो नियमांचा प्रश्न होता. तिच्या दृष्टीने शंभर बिऱ्हाडांचे सहा दिवसांचे पुण्य तिच्या दोन हातांत होते आणि ते सांडले की नाही हे आम्ही ठरवत होतो.

मी तिची बाजू घेतली. आजही सांगतो, चांगली घेतली. व्याकरणातली उदाहरणे दिली, संतमंडळींतल्या बायकांची यादी म्हणून दाखवली, देव आणि विधी यांतला फरक समजावला. ज्या देवावर माझा विश्वास नव्हता त्याच्या वतीने मी इतके बोललो की माझे मलाच नवल वाटले. मध्येच ठकूबाईने माझ्याकडे पाहिले. डोळे मोठे करून, भुवया उचलून. मग देवाकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे. मला वाटले, ती न्याय मागते आहे. मी आवाज चढवला. तिने पुन्हा तसेच पाहिले, या वेळी मानही हलवली. मी आणखी चढवला.

दादासाहेबही काही कमी नव्हते. त्यांचे तीन मुद्दे होते आणि तिन्हींना उपमुद्दे. सप्ताह पुन्हा पहिल्या दिवसापासून मांडावा का, की गोमूत्र शिंपडून भागेल, यावर ते तिघे आपसांत बोलले. चौथा मुद्दा कोणीच काढला नाही. तो असा, की वीणा तिच्याकडून घ्यायची तर कोणाला तरी तिच्या पायांवर डोके ठेवावे लागणार होते. दादासाहेबांना सहा वाजता पहारा करायचाच होता. ते चार वाजताच घेऊ शकले असते. दोन सभासदही धडधाकट होते. आणि मी होतो. पायांना कोणाच्याच काही झाले नव्हते.

सव्वा तास गेला. ती उभी होती. भरल्या हंड्याची सवय असलेली बाई, पण वीणेची सवय वेगळी असते. दोरी मानेत रुतते. तिने खांदा दोनदा उचलून पाहिला. आम्ही तिच्यामुळे सप्ताह मोडला का यावर बोलत होतो आणि तो मोडू नये म्हणून तेवढा वेळ एकटी तीच काहीतरी करत होती.

मग पायऱ्यांवर धाड धाड पावले वाजली. गणपत. सदरा खांद्यावर फाटलेला, डोळे टोमॅटोसारखे लाल, नाक वाहतेय. "च्यायला, सगळं बंद करून टाकलंय," तो म्हणाला, "चिंचपोकळीहून गल्ल्या-गल्ल्यांतून आलो, काय दिसतंय तर शपथ." तो बाहेरच्या पिंपाशी गेला, तोंडावर आणि पायांवर पाणी मारले आणि डोळे चोळत आत शिरला. दादासाहेब म्हणाले, "गणपत, थांब, एक प्रश्न उपस्थित झाला आहे." गणपत थांबला नाही. बहुधा त्याला ऐकूही आले नसावे. त्याला समोर एक वीणा दिसली आणि तिच्याखाली दोन पाय. त्याने त्या पायांवर डोके ठेवले, वीणा काढून आपल्या गळ्यात घातली, नाम उचलले आणि उभा राहिला. ठकूबाईने त्याच्या पायांवर डोके ठेवले. जेमतेम अर्धे मिनिट लागले असेल.

कोणाच्या पाया पडलो हे त्याला तेव्हा कळले नव्हते. नंतर कळले तेव्हा म्हणाला, "मग? वीणा ज्याच्या गळ्यात त्याचे पाय. अजून कुणाचे पडायला पाहिजे होते?"

आणि ठकूबाई? मला वाटले, ती आता रडेल किंवा बसेल. ती उठली ती थेट समयीकडे धावली. सात दिवस अखंड तेवायची ती समयी. वात तळाला टेकली होती, ज्योत निळी होऊन फडफडत होती. तिने बुधला उचलला, तेल घातले, वात सारली. ज्योत धरली. मग मागे वळून ती माझ्यावर खेकसली, "मास्तर, काय येवढं बोलत व्हता? मी कवाधरनं दिव्याकडं दावत्येय!"

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ भाषणे केली आहेत आणि त्याहून जास्त ऐकली आहेत. हल्ली कोणी व्यासपीठावरून तळमळीने बोलू लागले की मी आधी पाहतो, ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे तो उभा आहे की बसला आहे.

सप्ताह सातव्या दिवशी पार पडला. काल्याचे कीर्तन झाले, दहीलाह्या वाटल्या, दादासाहेबांनी आभार मानले. अहवाल मी लिहिला. 'सालाबादप्रमाणे निर्विघ्न पार पडला' असे त्यात वाक्य होते. ते दरवर्षीच असे. तो विषय संपला असे आम्ही सगळ्यांनी मानले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेल थिजले, मी पुन्हा फळा घेतला आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की ठकूबाई देवळाच्या आत जात नाही. चौक झाडायची, हंडे भरून पायरीवर ठेवायची, तेलाचा बुधला उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची, पण उंबरा ओलांडायची नाही. कधीपासून? जानूतात्यांना विचारले. ते म्हणाले, "वरीस झाला. तुमका आज दिसला?"

ती नळाशी तांब्याचे हंडे घासत बसली होती. मी विचारले, "ठकूबाई, आत का जात नाहीस?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

तिने चिंचेचा गोळा बाजूला ठेवला. "माज्या हातनं मोडला असंल तर, मास्तर? तेरा नंबरातल्या परशाला गोळी लागली, पाय गेला त्येचा. माळ्यावरच्या वैनीचं बाळ गेलं. तात्यांचं कपाळ अजून दुकतं थंडीत. कुनामुळं झालं म्हनायचं?"

वर्षभरात चाळीत जे जे वाईट झाले ते सगळे तिने आपल्या अंगावर घेतले होते, आणि आम्ही कोणी तिला घेऊ नको म्हणालो नव्हतो. तेव्हा आमची चर्चा तुटली होती, निर्णय झालाच नव्हता.

"मोडला नव्हता," मी म्हणालो. "मी सांगतो."

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. "तुमी कुठं देव मानता? तुमच्या म्हनन्याला काय धरायचं?"

 माझा युक्तिवाद कितीही भक्कम असला तरी त्या प्रांतात माझे नाणे चालत नव्हते. चालत होते ते एकाच माणसाचे, आणि त्याची टिंगल करण्यात मी माझ्या तरुणपणाच्या बऱ्याच संध्याकाळी घालवल्या होत्या. मी जिना चढलो.

दादासाहेब बनियनवर बसून गुडघ्यावर फेट्याच्या घड्या घालत होते.

"गेल्या वर्षी सप्ताह मोडला होता का?" मी विचारले.

"हा काय प्रश्न झाला? निर्विघ्न पार पडला असे अहवालात आहे. तुम्हीच लिहिलेत."

"मग ते ठकूबाईला सांगा."

"तिला काय सांगायचे? आपण तिला काही बोललो का?"

"नाही बोललो. म्हणून ती वर्षभर देवळात गेलेली नाही."

त्यांच्या हातातली घडी तशीच राहिली. "वर्षभर?"

"वर्षभर."

ते उठले. मला वाटले फेटा बांधतील, सदरा घालतील, दोन सभासदांना बोलावतील. तसे काही झाले नाही. ते बनियनवरच, अनवाणी, जिना उतरले. त्यांचे टक्कल चौकात मी प्रथमच पाहत होतो. नळाशी जाऊन ते उभे राहिले आणि बराच वेळ त्यांना सुरुवात सापडेना. कचेरीतल्या मसुद्यांत असल्या वाक्याला जागा नसते.

"ठकूबाई," ते शेवटी म्हणाले, "गेल्या साली तू... तुम्ही धरलीत म्हणून राहिला. नाहीतर मोडलाच होता. ते मी त्याच दिवशी म्हणायला हवे होते."

ठकूबाई हात धूत उभी राहिली. "खरं?"

"खरं. मी अध्यक्ष आहे."

एरवी या वाक्याला मी हसलो असतो. त्या दिवशी त्या पदाचा मला पहिल्यांदा उपयोग दिसला. ती "बरं" म्हणाली, ओले हात पदराला पुसले, बुधला उचलला आणि उंबरा ओलांडून आत गेली. दादासाहेब तिथेच उभे होते. मग त्यांनी वर गॅलरीकडे पाहिले, कोणी पाहिले का म्हणून, आणि झपाझप जिना चढून गेले.

नंतर एकदा मी तिला म्हटले होते की आता फळ्यावर तुझे नाव लिहू या, दुपारचा अर्धा पहारा तुझा. दादासाहेब नाही म्हणणार नाहीत. तिने साफ नकार दिला. "नाव घातलं की दोन घटका माज्या झाल्या," ती म्हणाली. "मग बाकीच्या येळंला कोन बघंल?" सेवेवर मी बरेच काही वाचले आहे, त्यात हे कुठे सापडले नाही.

पण त्या दिवशीचे राहिले. ती आत गेली आणि मी नळाशी एकटा उरलो. अर्धे घासलेले हंडे समोर होते. आपण एक मोठे काम केले, असे मला वाटत होते, आणि तसे वाटले की माणसाला आणखी एक करावेसे वाटते. मी बाह्या सारल्या, चिंच घेतली, राख घेतली आणि एक हंडा घासायला बसलो. मन लावून घासला. गळ्याशी, कडेशी, पोटावर. तांबे असे उजळले की त्यात माझे तोंड दिसू लागले, जरा फुगलेले, पण समाधानी. ठकूबाई बाहेर आली. मी हंडा तिच्याकडे वळवून धरला.

तिने बाहेरून तो पाहिलाच नाही. आत हात घातला, तळावर बोट फिरवले आणि ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरले. काळे होते.

"मास्तर," ती म्हणाली, "लोक पानी भाईरनं पित्यात व्हय?"

मी चिंच पुन्हा हातात घेतली.